आधी वाघ्याची वाकळ उन्हात टाका

प्रश्न : आमचं गाव घाटंजी तालुक्यात, घर वावराला लागूनच. वाघ्या आमचा गावठी कुत्रा, वय चार वर्षं. पोळ्यानंतर त्याला खाज सुरू झाली ती थांबायचं नाव घेत नाही. शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर केस गेलेत, तिथली कातडी काळी पडली, जाड झाली. रात्रभर दातांनी कुरतडत बसतो. झोपतो कोठ्यात सोयाबीनच्या कुटारावर, नाहीतर ओसरीत आमच्या जुन्या वाकळीवर. मामंजी म्हणतात, ‘गॅरेजातून जळकं ऑईल आणून चोपडा, दोन दिवसात साफ होते.’ दीर म्हणतात, पऱ्हाटीवर मारायचं औषध उरलंय, त्याचाच पातळ हात फिरवू. मला हे पटत नाही. मोबाईलवर ॲपल सायडर व्हिनेगर, टी ट्री ऑईल असं काय काय दाखवतात, ते इथे कुठून आणू? घरात मनी मांजर आहे, तिची तीन पिल्लं पलंगाखाली आहेत. मुलगा सहा वर्षांचा, दिवसभर वाघ्याच्या गळ्यात पडून असतो. तो विचारतो, वाघ्याला माझ्याजवळ झोपू द्यायचं की नाही. जनावरांचा दवाखाना अठरा किलोमीटरवर. घरच्या घरी, झाडपाल्याचा, कुणाला इजा न होणारा उपाय सांगा.
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर :

ताई, बाकी सगळं सावकाश वाचा, पण दिरांना आजच थांबवा. ते उरलेलं औषध कोठ्यातून उचलून मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवा.

मी वणीकडे जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला असताना एका माणसाने गोचिडांसाठी आपल्या कुत्र्याला पऱ्हाटीचं औषध चोळलं होतं. दोन तासांनी तो त्याला पोत्यात गुंडाळून मोटरसायकलवर घेऊन आला. कुत्र्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, आणि अंगावरचं मांस पाण्यावर तरंग उठावा तसं ठिकठिकाणी थरथरत होतं. त्या विषावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिनची इंजेक्शनं देत बसले, पहाटे तो गेला. मला राहून राहून आठवतं ते त्या माणसाचं. तो रात्रभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या हातांना अजून त्या औषधाचा वास येत होता. मी त्याला दोनदा साबणाने हात धुवायला पाठवलं. त्याने वाईट चिंतून काही केलं नव्हतं. किडे मारायचं औषध आहे, गोचीड हाही किडाच, एवढा साधा हिशोब त्याने केला होता. कुत्रा अंग चाटतो, म्हणजे जे अंगाला लावलं ते पोटात जातंच, ही एक गोष्ट त्या हिशोबात राहून गेली.

तुमच्या जिल्ह्यात तर हे वेगळं सांगायलाच नको. २०१७ साली फवारणी करताना यवतमाळमधल्या शेतकऱ्यांना विषबाधा झाली, माणसं दगावली. धडधाकट गड्याला जे झेपलं नाही ते पंधरा-सोळा किलोच्या वाघ्याच्या उघड्या पडलेल्या कातडीवर कसं लावायचं? आणि तुमचा मुलगा त्याच्या गळ्यात पडतो म्हणता.

आता मामंजींचं जळकं ऑईल. त्यांना सांगताना जपून सांगा, कारण त्यांच्या सांगण्यात एक कण खरा आहे. जुने लोक नुसतं ऑईल लावत नसत, त्यात गंधक कालवत. खरजेवर जे काम करायचं ते गंधक करायचं. आजही पाच ते दहा टक्के गंधकाचं मलम खरजेसाठी वापरतात. ऑईलचा गुण एवढाच की गंधक अंगाला चिकटून राहायचं. त्यासाठी खोबरेल आहे की! जळक्या ऑईलमध्ये इंजिनातल्या धातूंची झीज उतरलेली असते, कातडी भाजते, आणि चाटल्यावर ते फुप्फुसात गेलं तर न्युमोनिया होतो. तेव्हा मामंजींना म्हणा, गंधकाचं तुमचं बरोबर होतं, ऑईल तेवढं नको. पण वाघ्याला गंधकसुद्धा लागेल असं मला वाटत नाही, कारण त्याला खरूज नसावी.

हे मी कशावरून म्हणते? तुम्ही लिहिलंय, ‘शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर’. पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. कुत्रा कुठे खाजवतो ते पाहिलं की निम्मं निदान होतं. खरूज सुरू होते ती कानाच्या कडेपासून, कोपरावर, मागच्या पायाच्या सांध्यावर. कानाची कड दोन बोटांत धरून जराशी चोळली की कुत्रा आपोआप मागचा पाय हवेत हलवायला लागतो, आणि बहुतेकदा घरातल्या एखाद्याच्या पोटावर, दंडावर बारीक पुरळ उठलेलं असतं. गोल गोल चट्टे, कडा लालसर आणि मधले केस तुटलेले, असं असेल तर गजकर्ण. ते मुलांना चटकन लागतं. पंजे, काखा, पोट यांना खाज असेल तर जमिनीवरचं काहीतरी नाहीतर खाण्यातलं काहीतरी. आणि शेपटीचं बूड, कंबर, मांड्यांची मागची बाजू म्हटलं की दहातल्या आठ वेळा मी पिसवांकडे बोट दाखवते.

तुम्ही म्हणाल, मला तर एकही पिसू दिसली नाही. दिसायची नाहीच. वाघ्याला पिसवांची ॲलर्जी झालेली दिसते. पिसू चावते तेव्हा तिची लाळ कातडीत जाते, त्या लाळेचं त्याच्या अंगाला वावडं आहे. अशा कुत्र्याला अंगभर पिसवा लागत नाहीत, दोन-चार चावे पुरतात आणि आठवडाभर अंग पेटतं. शिवाय तो स्वतःच दातांनी वेचून खातो, मग तुम्हाला दिसणार कुठून?

खात्री करून घ्यायची सोपी रीत आहे. घरात उवा काढायची बारीक दातांची फणी असेलच. पांढरा कागद ओला करून अंथरा, वाघ्याला त्यावर उभं करा आणि शेपटीच्या बुडापासून कमरेपर्यंत केसांच्या मुळातून फणी फिरवा. फणीत आलेला काळा भुरका कागदावर झटका. माती असेल तर काळीच राहील. पण दोन मिनिटांत त्या काळ्या कणांभोवती तांबडा-तपकिरी डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा. तिच्यात वाघ्याचंच पचलेलं रक्त असतं, पाणी लागलं की रंग सुटतो. मुलाला जवळ बसवून दाखवा.

तांबडा डाग दिसला, तर पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे.

अंगावर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा म्हणजे एकूण पिसवांचा अगदी छोटा हिस्सा, शेकड्यात पाचच म्हणा ना. बाकीची अंडी, अळ्या, कोष असतात तो झोपतो तिथे. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. ती चिकट नसतात, अंगावरून घरंगळतात आणि वाकळीत, कुटारात, ओसरीच्या जमिनीच्या भेगांत पडतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा कोरड्या उन्हात अळ्या टिकत नाहीत, म्हणून वैशाखात वाघ्या खाजवत नव्हता. पावसाळ्याची दमट हवा त्यांना मानवते. अंड्यापासून उडी मारणारी पिसू व्हायला तीन-चार आठवडे लागतात. आषाढाच्या पावसाने सुरुवात झाली, श्रावणात एक-दोन पिढ्या वाढल्या, आणि तुम्हाला खाज दिसली पोळ्यानंतर. हिशोब जुळतो.

तेव्हा ताई, कडुलिंब, हळद, कोरफड सगळं सांगते, पण वाघ्याचा खरा उपाय त्याच्या अंगावर कमी आणि त्याच्या झोपायच्या जागेत जास्त आहे. सगळ्यात बिनखर्ची आणि खरोखर नैसर्गिक उपाय म्हणजे झाडू, उकळतं पाणी आणि आपल्याकडचं ऑक्टोबरचं ऊन.

वाकळ आधी उकळत्या पाण्यात तासभर भिजवा, धुवा आणि दिवसभर कडक उन्हात टाका, दुपारी उलटा. फारच फाटलेली असेल तर जाळून टाका, जीव गुंतवू नका. नवी गादी शिवायच्या भानगडीत पडू नका. धान्याची दोन रिकामी पोती घ्या, युरियाची किंवा औषधाची नकोत. एक खाली, एक वाळत, दर चार दिवसांनी बदल. कुटाराचं मात्र कडक धोरण ठेवा. सोयाबीनच्या कुटारात आधीच बारीक काटेरी धूळ असते, ओल लागली की बुरशी धरते, आणि पिसवांच्या अळ्यांना लपायला त्याच्यासारखी जागा नाही. वाघ्याला तिथे झोपू देऊ नका. कोठ्यात त्याच्यासाठी एक जुनी बाज टाका. जमिनीपासून हात-दीड हात उंच झोपला तरी फरक पडतो.

ओसरी रोज झाडा, भिंतीच्या कडेने आणि उंबऱ्याच्या बाजूने जास्त, आणि कचरा उकिरड्यावर न टाकता जाळा. सारवण आहे की फरशी ते तुम्ही लिहिलं नाही. सारवण असेल तर आधी भेगा चुन्यात माती कालवून बुजवा, मग सारवा. उघड्या भेगांवर सारवलं की वरून छान दिसतं आणि खाली अळ्यांना ओल मिळते. राख फटींत भरलीत तर चालेल, अंगावर मात्र राख नको, सोललेल्या कातडीला ती झोंबते.

आणि हे एक करून पाहा, मला स्वतःला फार उपयोगी पडलंय. रात्री ओसरीत एका पसरट थाळीत पाणी घ्या, त्यात साबण फेटा, आणि थाळीच्या वर वीतभर उंचीवर लहानसा दिवा लावा. बॅटरीचा किंवा विजेचाच, ज्योतीचा नको, कुटार जवळ आहे. पिसवा उजेडाकडे आणि उबेकडे झेपावतात आणि पाण्यात पडतात. साध्या पाण्यावर त्या तरंगून परत उडतील, साबणाच्या पाण्यात बुडतात. सकाळी थाळीत मोहरीपेक्षा बारीक, तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटे ठिपके दिसतील. यामुळे सगळ्या पिसवा संपत नाहीत. पण किती आहेत आणि कमी होतायत का, हे रोज कळतं. कॅलेंडरवर आकडा लिहून ठेवा.

पंधरा दिवसांत आकडा घटेल आणि तुम्हाला वाटेल, झालं. तिथे थांबू नका. कोषातली पिसू महिनोन्‌महिने निपचित पडून राहू शकते. माणसाच्या चालण्याचा हादरा, अंगाची ऊब लागली की बाहेर येते. दिवाळीला गावाला जाऊन आल्यावर बंद घर उघडलं की पायांना पिसवा डसतात ना, ते यामुळेच. निदान तीन महिने हा नेम ठेवायचा.

आता अंगावरचं. वाघ्याला आत्ता लगेच आराम मिळावा म्हणून पहिला उपाय म्हणजे गार पाणी. माठातल्या पाण्यात सुती फडकं भिजवून, पिळून, कमरेवर दहा मिनिटं ठेवा, दिवसातून दोन-तीनदा. लोकांना हा उपाय इतका साधा वाटतो की कुणी करत नाही. गार लागलं की खाज खरंच निवते, आणि खाजवणं थांबलं की जखम भरायला लागते. कुठे ओलसर, चिघळलेलं असेल तर अर्धा लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ विरघळवा, त्याने धुवा आणि कोरडं टिपा. ओल्या जखमेवर तेल, हळदीचा लेप काही थापू नका. वरून खपली धरते आणि आत पू साचतो.

आंघोळ आठवड्यातून एकदा, रोज नाही. कपड्याच्या वडीने तर मुळीच नाही. आपल्या कातडीपेक्षा कुत्र्याची कातडी कमी आम्ल असते, पातळही असते. माणसाचा साबणही तिला कोरडी करतो, कपड्याचा तर सोलूनच काढतो. कुत्र्यांचा सौम्य शाम्पू मिळाला तर बरं, नाहीतर नुसतं कोमट पाणी आणि फणी. आंघोळीच्या वेळी आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर पाणी पडलं की पिसवा तोंडाकडे, कानांत पळतात.

शेवटचं पाणी कडुलिंबाचं. दोन मुठी ताजा पाला तीन-चार लिटर पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, झाकून थंड होऊ द्या, गाळा, आणि आंघोळीनंतर अंगावर ओता. वरून साधं पाणी घालू नका, तसंच वाळू द्या. खाज थोडी शमते, बारीकसारीक जंतूंना आळा बसतो. डोळ्यांत जाऊ देऊ नका. निंबोळीचं तेल ही मात्र वेगळी गोष्ट आहे, ते फार कडक. एक भाग निंबोळी तेल आणि दहा भाग खोबरेल, असं पातळ करून फक्त कोरड्या जागी, चार बोटांएवढंच लावा, आणि नंतर अर्धा तास त्याला फिरवून आणा म्हणजे चाटणार नाही. करंजाचं तेल तुमच्याकडे गुरांना लावतात, त्याचंही तेच प्रमाण.

जाड, काळी, कोरडी झालेली कातडी नुसत्या खोबरेलाने मऊ पडते. थोडं पोटात गेलं तरी काही होत नाही. कोरफड लावायची तर पान कापून पाव तास उभं ठेवा, पिवळा चीक गळून जाऊ द्या. त्या चिकाने कुत्र्याला जुलाब होतात. मग आतला पारदर्शक गरच तेवढा घ्या.

खोबरेल म्हटलं की आपल्या घरात हात आपसूक कापराच्या डबीकडे जातो, म्हणून मुद्दाम लिहिते. कापूर कुत्र्या-मांजरांना विषारी आहे, झटके येतात. वाकळीत डांबरगोळ्या ठेवायच्या नाहीत. रॉकेल नाही. सीताफळाच्या बियांची पूड नाही, डोळ्यांत गेली तर डोळा जायची भीती असते. लसूण खाऊ घातला की गोचीड पळतात म्हणतात, तोही नाही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, मांजराच्या त्याहून लवकर. गुरांसाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने झाडपाल्याच्या कृती दिल्या आहेत, त्यात गोचिडांवर लसूण, कडुलिंब, हळद यांचा लेप आहे. त्या गुरांसाठी ठीक. कुत्रा-मांजर अंगावरचं सगळं चाटून काढतात, म्हणून गायीची कृती वाघ्याला चालत नाही.

तुम्ही मोबाईलवर पाहिलेल्या व्हिनेगरने सोललेली कातडी भाजल्यासारखी चुरचुरते. टी ट्री ऑईलचे काही थेंबसुद्धा मांजराला लुळं करू शकतात. इथे मिळत नाही हे बरंच झालं.

मनीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. पिसवा वाघ्याच्या एकट्याच्या नाहीत. मनीच्या अंगावरही त्याच असणार, आणि तुम्ही वाघ्याला कितीही जपलं तरी पलंगाखालून नव्या येत राहणार. पण मांजराचं यकृत वेगळं चालतं. बऱ्याच औषधांचा, तेलांचा निचरा तिला करता येत नाही. निंबोळी तेल, करंज तेल, फरशी पुसायचं जंतुनाशक, यातलं काहीही तिच्या अंगाला लावू नका. गुरांच्या गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनचं औषध आणून कोठ्यात फवारता ना, ते ओलं असताना मनी तिथून गेली आणि पाय चाटले तरी तिला झटके येऊ शकतात. फवारायचंच असेल तेव्हा तिला आणि पिल्लांना घरात कोंडा, पूर्ण वाळेपर्यंत. मनीला आणि पिल्लांना फक्त फणी. फणी फिरवा, अडकलेली पिसू साबणाच्या पाण्याच्या वाटीत बुडवा. पलंगाखालचं कापड दर दोन दिवसांनी बदला. आणि पिल्लांच्या हिरड्या पाहा. वरचा ओठ उचलला की गुलाबी दिसायला हव्यात. पांढुरक्या दिसल्या तर पिसवांनी रक्त ओढलंय. एवढ्याशा जिवात रक्त असतंच किती? मग थांबू नका, पिल्लं टोपल्यात घालून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खाण्याचं थोडक्यात. जवस तुमच्या घरचाच असेल. भाजून, कुटून, बिनमिठाची पूड रोज अर्धा चमचा भाकरीत कालवा, पोट बिघडलं नाही तर आठवड्याने एक चमचा. जवसाची चटणी नको, तिच्यात लसूण आणि तिखट असतं. रंगाच्या दुकानातलं अळशीचं तेल तर अजिबात नको. जवसातलं ओमेगा-३ कुत्र्याच्या अंगी फार थोडं लागतं, माशाच्या तेलातलं जास्त. म्हणून कधी तलावातली मासळी घरी आली तर बिनमसाल्याची उकडून, काटे काढून वाघ्याचा वाटा ठेवा. केसांत फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. तीन महिने पिसवांचा बंदोबस्त करूनही खाज राहिली तर मग खाण्याची ॲलर्जी तपासू. तेव्हा दूध, गव्हाची पोळी, बिस्किटं आठ आठवडे पूर्ण बंद करावी लागतील, घरातल्या सगळ्यांनी मिळून. आत्ता एकदम सगळं सुरू केलं तर कशाने गुण आला ते कळणार नाही.

वावराच्या धुऱ्यावर गाजरगवत असेल तर फुलं येण्याआधी उपटा, हातात मोजे किंवा पिशवी घालून. त्याने माणसाला जशी खाज सुटते तशी कुत्र्याच्या पोटालाही सुटते. वावरातून आला की वाघ्याचे पाय आणि पोट ओल्या फडक्याने पुसायची सवय लावा. एवढं पुरे.

आता ताई, एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. पिसवांची ॲलर्जी झालेल्या कुत्र्याला नुसत्या झाडपाल्यावर ठेवणं मला योग्य वाटत नाही. कडुलिंबाने आराम पडतो, पण अंगावरच्या सगळ्या पिसवा मरत नाहीत, आणि त्याला तर दोनच चावे पुरतात. एकदा अठरा किलोमीटर जा. डॉक्टरांकडून त्याच्या वजनाप्रमाणे पिसवा-गोचिडांची चघळायची गोळी घ्या. एक प्रकार महिनाभर पुरतो, एक जवळजवळ तीन महिने. कधी फिट आली असेल तर आधी सांगा, मग त्यांना दुसरं काही द्यावं लागेल. गोळी महाग वाटते, खरं आहे. पण अर्धवट उपायांवर हप्त्या-हप्त्याला जाणारे पैसे मोजलेत तर ती जड जाणार नाही. आणि ती चाटली जात नाही, मुलाच्या हाताला लागत नाही, मनीच्या अंगाला लागत नाही. कुणाला इजा न होणारा उपाय तुम्ही मागितलात. तुमच्या घरात मला तो हाच दिसतो. झाडपाला त्याच्या जोडीला ठेवू. मनीसाठी वेगळं औषध विचारा, वाघ्याची गोळी मोडून तिला देऊ नका. त्याच फेरीत वाघ्याची रेबीजची लस झाली नसेल तर ती करून घ्या.

‘एक सुई मारून द्या, खाज थांबते’ असं कुणी म्हटलं तर विचारा, कशाची सुई? बहुतेकदा ते स्टेरॉईड असतं. आठ दिवस कुत्रा शांत झोपतो, मग दुप्पट खाजवतो, आणि आत गजकर्ण किंवा खरूज असेल तर ती पसरते. डॉक्टरांनी तपासून दिलं तर गोष्ट वेगळी. तसंच, मेडिकलमधली माणसांची खाजेची ट्यूब लावू नका आणि सर्दी-खाजेच्या गोळ्या तर देऊच नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरतं.

वाघ्याने खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तर तो खाजेचा प्रश्न राहत नाही, गोचीडताप असू शकतो. तेव्हा घरी उपाय करत बसू नका. जायला साधन नसेल तर १९६२ हा टोल-फ्री क्रमांक लावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे, मुख्यतः गुरांसाठी, पण फोनवर विचारायला हरकत नाही. आणि तीन महिन्यांनीही चामडी तशीच राहिली तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था, दोन्हीकडे कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची सोय असते.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पिसू चुकून गिळली गेली तर लहान मुलांच्या पोटात कुत्र्याचा पट्टकृमी होऊ शकतो. वाघ्याच्या गुदाजवळ किंवा पोत्यावर तांदळाच्या कणीसारखं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगा, त्याची जंताची गोळी वेगळी असते. म्हणून थाळीत सलग तीन आठवडे एकही ठिपका दिसत नाही तोवर वाघ्याजवळ झोपायचं नाही, आणि त्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे. पण मुलाला वाघ्यापासून तोडू नका, त्याला काम द्या. रोज शाळेतून आल्यावर दहा मिनिटं फणी तुम्ही फिरवा, कागद त्याने धरायचा. सकाळी थाळीतले ठिपके त्याने मोजायचे आणि कॅलेंडरवर त्याच्या हाताने लिहायचे. महिनाभराने त्या पानाचा फोटो काढून मला पाठवा. आकडे बघून पुढचं सांगते.